क्रिएटिनिन १.७ आणि ज्वारीची भाकरी

किडनीचा आजार निघाला की गोळ्यांच्या आधी घरात येते ती वर्ज्य पदार्थांची यादी. आमच्याकडे ती एका झेरॉक्स कागदावर आली. पालेभाज्या बंद. डाळी, कडधान्यं बंद. फळं, शेंगदाणे, खोबरं, गूळ, टोमॅटो, बटाटा बंद. ज्वारी, बाजरी, नाचणीसुद्धा बंद. 'चालेल' या मथळ्याखाली पांढरा भात, साबुदाणा, मैद्याचा ब्रेड आणि दुधी, एवढंच. ज्याने हा कागद पहिल्यांदा तयार केला, त्याच्यासमोर डायलिसिसवरचा, पोटॅशियम वाढलेला रुग्ण असणार. त्या रुग्णासाठी तो बरोबरही असेल. पण तोच कागद सरसकट सगळ्यांच्या हातात पडतो, आणि मला अजून राग येतो तो याचाच.

मी सांगलीत राहते, ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. वय ५२. ब्लडप्रेशर पस्तिशीपासून आहे, गोळी चालू होती. एका नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून काढून टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, १.७ आलं, हवं त्यापेक्षा जास्त. खाली ई-जीएफआर ३६, म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद साधारण एक तृतीयांशावर. लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जात होतं, त्याचं माप असलेला एसीआर ३४०, म्हणजे खूपच जास्त. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या थोड्या आक्रसलेल्या. डॉक्टरांच्या भाषेत किडनीच्या आजाराचा टप्पा ३बी. पोटॅशियम मात्र ४.६, अगदी नॉर्मल. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या ताटात जे काही परत आलं ते त्याच्या जोरावर आलं.

कागद मी मन लावून पाळला. सकाळी ब्रेडचे टोस्ट, डब्यात भात आणि दोनदा उकडून पाणी काढलेली दुधीची भाजी, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्याच्या कुटाशिवाय. सासूबाई मूळच्या जत तालुक्यातल्या. त्यांना हे बघवेना. "अगं, जोंधळ्याची भाकरी खाऊन कुणाचं काही बिघडलंय का कधी?" असं त्या रोज म्हणायच्या, आणि मी रोज त्यांना ज्वारी बंद करण्याचं कागदावरचं कारण, 'फॉस्फरस', दाखवायची.

हळूहळू माझी भूक मेली. तोंडाला कायम एक कडवट, धातूसारखी चव. जिभेवर पांढरा थर. अंगाला खाज, विशेषतः रात्री पाठीला. आणि पोट साफ होईना. आपल्याकडे या गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोलायची पद्धत नाही, पण या लेखाचा सगळा विषयच तो आहे, तेव्हा सांगते: तिसऱ्या-चौथ्या दिवशी कसंबसं व्हायचं, तेही खड्यासारखं. आजार किडनीचा, पोटाचं काय सांगायचं, म्हणून डॉक्टरांकडे हा विषय कुणी काढतच नाही. मेडिकलवाल्याने एक चूर्ण दिलं. डब्यावर वाचलं तर सोनामुखी आणि सैंधव. सैंधव म्हणजे मीठच. मला दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलेलं, त्यामुळे तो डबा तसाच परत केला. शेजारच्या वहिनींनी मिल्क ऑफ मॅग्नेशियाची बाटली आणून दिली. तीही घेतली नाही, आणि नंतर कळलं की किडनी अधू असताना ती विचारल्याशिवाय घ्यायचीच नसते. जादा मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचं काम किडनीचं, ते झालं नाही तर रक्तात साठतं.

मग ह्यांच्या मित्राने मिरजेतल्या एका नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं, नाव सुचवलं. त्यांनी फाइल चाळली, पायाला सूज आहे का ते दाबून बघितलं, आणि विचारलं, "मॅडम, पोट रोज साफ होतं का?"

मला वाटलं सहज विचारतायत. "नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी."

"कधीपासून असं?"

"हा कागद सुरू केल्यापासून."

त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आतड्यात जितका वेळ पडून राहील तितका वेळ तिथले जीवाणू प्रथिनं कुजवत बसतात. त्यातून जे निघतं ते रक्तात शिरतं. ते बाहेर टाकायचं काम कुणाचं? तुमच्या किडनीचंच. म्हणजे आधीच थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण आणखी एक पोतं ठेवतोय."

मग त्यांनी एक अभ्यास सांगितला, तो ऐकून मी घरी येऊन वाचायलाच बसले. २०११ सालचा, अमेरिकेतला. डायलिसिसवर असलेले काही रुग्ण असे शोधले की ज्यांचं मोठं आतडं काही कारणाने शस्त्रक्रिया करून काढलेलं होतं. त्यांचं रक्त आणि आतडं शाबूत असलेल्या डायलिसिस रुग्णांचं रक्त शेजारी ठेवून तपासलं. इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट ही दोन नावं किडनीच्या विषद्रव्यांत फार वरची. ज्यांना मोठं आतडंच नव्हतं, त्यांच्या रक्तात ही दोन्ही जवळजवळ सापडलीच नाहीत. दोन्ही गटांच्या किडन्या निकामीच होत्या. फरक एवढाच की एका गटाकडे हे विष तयार करणारा कारखाना नव्हता. किडनीच्या रुग्णाच्या रक्तातलं सगळं विष हे शरीराच्या स्वतःच्या कामकाजातून येतं असं मी धरून चालले होते. त्यातला मोठा हिस्सा जीवाणू बनवतात हे मला नवीन होतं.

यातली केमिस्ट्री सोपी आहे, म्हणून सविस्तर सांगते. आपण खाल्लेल्या प्रथिनांतलं सगळंच काही लहान आतड्यात पचत नाही. थोडं पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून काही जीवाणू इंडोल बनवतात. इंडोल रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याला आधी ऑक्सिजन आणि मग सल्फेट चिकटतं, आणि तयार होतं इंडॉक्सिल सल्फेट. टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून याच वाटेने पी-क्रेसॉल आणि पुढे पी-क्रेसिल सल्फेट. अंड्याच्या बलकातल्या आणि मांसातल्या कोलीन, कार्निटीनपासून तिसरं एक, टीएमएओ. निरोगी किडनी हे सगळं लघवीतून काढून टाकते. पहिली दोन रक्तात अल्ब्युमिनला घट्ट चिकटून फिरतात, नव्वद टक्क्यांहून जास्त. म्हणून ती नुसती गाळून जात नाहीत. किडनीच्या नलिकांतल्या पेशींना ती एकेक करून ओढून बाहेर टाकावी लागतात. त्या पेशी कमी झाल्या की विष साठतं, आणि डायलिसिसच्या मशीनलाही ही जोडी नीट काढता येत नाही, कारण मशीन मोकळं असलेलंच काढतं. जपानमध्ये निवा यांनी १९९४ साली किडनीचा बराच भाग काढलेल्या उंदरांना इंडॉक्सिल सल्फेट दिलं, तर उरलेली किडनी जास्त वेगाने कडक होत गेली. म्हणजे किडनी बिघडली म्हणून विष साठतं, आणि विष साठलं म्हणून किडनी आणखी बिघडते.

दुसरी वाट युरियाची, म्हणजे प्रथिनं मोडल्यावर बनणाऱ्या आणि लघवीतून जाणाऱ्या टाकाऊ पदार्थाची. ती मला जास्त जवळची, कारण तो प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. सोयाबीनचं पीठ पाण्यात कालवून गाळून घ्यायचं. एका परीक्षानळीत युरियाचं द्रावण, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ असतं. त्यात सोयाबीनचं ते गढूळ पाणी घातलं आणि नळी हातात धरून जरा ऊब दिली की थोड्या वेळात गुलाबी झाक येते, ती वाढत वाढत गडद होते, आणि नळीच्या तोंडाशी नाक नेलं तर अमोनियाचा झणका बसतो. सोयाबीनमधलं युरिएज हे विकर युरियाचा अमोनिया करतं. जेम्स समनर यांनी १९२६ साली जॅक बीनच्या दाण्यांतून युरिएजचेच स्फटिक मिळवले आणि विकर हे प्रथिन असतं हे दाखवलं. त्यावर त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. इतकी वर्षं हे मी फळ्यावर लिहीत आले.

हीच प्रतिक्रिया किडनीच्या रुग्णाच्या पोटात चालते. रक्तात युरिया वाढला की तो आतड्यातही झिरपतो. तिथे युरिएज असलेले जीवाणू त्यावर पोसले जातात, त्यांची संख्या वाढते, अमोनिया होतो, आम्लता घटते. कॅलिफोर्नियातले वझिरी आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर दाखवलं की युरिया आणि युरिएज एकत्र आले की पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे सांधे सैल पडतात. सांधे सैल झाले की आतड्याच्या आतला माल, त्यात जीवाणूंच्या आवरणाचे तुकडेही, रक्ताच्या बाजूला गळतात. शरीराला वाटतं जंतुसंसर्ग झालाय. ताप नाही, जखम नाही, पण संरक्षण व्यवस्था रात्रंदिवस जागी. यालाच इन्फ्लमेशन म्हणतात, मराठीत दाह. यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवत राहतं. हा मंद दाह रक्तवाहिन्या खराब करतो, आणि किडनीचे पुष्कळ रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधीच हृदयविकाराने जातात, त्यामागचं हे एक कारण. माझा एचएस-सीआरपी, म्हणजे याच प्रथिनाची बारीक मोजणी, तेव्हा ९ च्या वर होता, बराच जास्त. सर्दी-खोकला, दातदुखी, काही नव्हतं.

आता कागदाकडे परत येऊ. मोठ्या आतड्यात सगळे जीवाणू काही वाईट नसतात. त्यांच्यापुढे धान्याचा कोंडा, भाज्यांचा चोथा, डाळींची सालं आली तर ते तेच आधी खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं बनवतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. ते मिळालं की अस्तर धड राहतं, दाह शमतो. हे तंतू, म्हणजे फायबर, संपले की मग जीवाणू प्रथिनांकडे वळतात आणि इंडोल, क्रेसॉलचा रतीब सुरू होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू आहेत, पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ३ च्या आत. माझ्या कागदाने जे जे बंद केलं होतं ते बहुतेक तंतूंचं होतं, आणि जे जे चालू ठेवलं होतं त्यात तंतू नावालाच होते.

डॉक्टरांनी तीन गोष्टी केल्या. गुडघ्यासाठी मी अधूनमधून घ्यायचे ती डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी कायमची बंद. रोज सकाळी अनशापोटी चालू असलेली पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळीही बंद, कारण मला ती घ्यायचं खास कारण राहिलं नव्हतं. आम्ल दाबलं की आतड्यातली जीवाणूंची वस्ती बदलते, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत किडनीच्या आजाराचं प्रमाण जास्त दिसलेलं आहे. आणि डॅपाग्लिफ्लोझिन हे किडनी जपणारं औषध सुरू केलं, टेल्मिसार्टन या ब्लडप्रेशरच्या गोळीचा डोस वाढवला. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वर जाईल, घाबरायचं नाही, असंही आधीच सांगितलं. त्यानंतर मला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

या बाईंनी मला काय काय बंद करायचं ते सांगितलंच नाही. त्यांनी वही मागितली. "ताई, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं ते सांगा. वाटीने नाही, ग्रॅमने." मग हिशेब. माझं वजन ५६ किलो, किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिन, म्हणजे दिवसाला ४५ ग्रॅम. कागदावर मी जेमतेम २५ ते ३० ग्रॅम खात होते आणि त्यामुळे दंडाचे स्नायू उतरत होते. प्रथिन जास्त झालं तर जीवाणूंना कच्चा माल जास्त, फार कमी झालं तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. या दोन्हीच्या मधे राहायचं होतं.

त्यांनी दिवस असा मांडला. ज्वारीच्या तीन भाकरी, पीठ मोजून. मूठभर तांदळाचा भात. २५ ग्रॅम मुगाची किंवा तुरीची डाळ, सालासकट मूग असेल तर उत्तम. ३० ग्रॅम मटकी किंवा तेवढ्याच बेसनाचा झुणका. एक वाटी घरचं दही किंवा त्याचं ताक, दुपारच्या जेवणाबरोबर. फळ रोज एक, पपई, सफरचंद, पेर किंवा अननसाची फोड. भाजी दोन वेळा. या सगळ्याची बेरीज ४५ च्या आसपास येते.

"आणि फॉस्फरस?" मी विचारलं. सासूबाईंशी इतके दिवस त्यावरून भांडले होते.

त्या म्हणाल्या, "धान्यातला फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. आपल्या आतड्याला तो सगळा सोडवून घेता येत नाही, साधारण निम्म्याच्या आतच अंगी लागतो. पण कोलामधला, प्रोसेस्ड चीजमधला, पाकिटातल्या मांसातला फॉस्फेट मीठ म्हणून घातलेला असतो, तो जवळजवळ सगळा शोषला जातो. भाकरी सोडून ब्रेड-चीज खाणाऱ्याला मी काय म्हणू?"

सासूबाईंना हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. परातीत पीठ काढलं आणि आधण ठेवलं.

पालेभाजीचं तंत्र वेगळं. माझं पोटॅशियम पाचच्या आत आहे तोवर दुधी, दोडका, पडवळ, कोबी, घेवडा, गवार नेहमीसारखी करायची. मेथी, चाकवत, पोकळा, राजगिऱ्याचा पाला हे आठवड्यात दोनदा, आणि पाणी काढून: बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात भिजत घालायचं, ते पाणी ओतून नव्या मोठ्या पातेलंभर पाण्यात उकळायचं, चाळणीत निथळून मग फोडणीला टाकायचं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर जातं. काही जीवनसत्त्वंही जातात, पण तंतू राहतात, आणि मला हवे ते तंतूच. भाजीचं पाणी आमटीत घालायची आमची पिढीजात सवय मोडायला वेळ लागला. लो-सोडियम मिठाचं पाकीट स्वयंपाकघरातून बाहेर गेलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. नारळपाणी आणि कमरख (स्टारफ्रूट) हेही नाही. कमरख तर किडनीच्या कुठल्याच रुग्णाने तोंडात घालू नये, त्यातलं विष साठून मेंदूवर परिणाम होतो, माणसं दगावलेली आहेत.

दोडक्याच्या शिरांची चटणी ही या सगळ्यात मला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट. आई करायची, मी विसरले होते. दोडका सोलताना शिरा फेकून न देता बारीक कातरायच्या, लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात कुरकुरीत होईपर्यंत मंद परतायच्या. चमचाभर तीळ, लसणाच्या चार पाकळ्या, जिरं, सुकी मिरची, आणि मीठ चिमटीने. खलबत्त्यात भरड कुटायचं. मीठ कमी आहे हे लसूण कळू देत नाही. कांदा आणि लसूण यांतले फ्रुक्टन नावाचे तंतू हे जीवाणूंचं आवडतं खाद्य, हे पुढे वाचलं. झुणका, भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा: शेतावरचं आमचं जेवण.

तसंच शिळ्याचं. गरम भात थंड झाला की त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. तो तसाच खाली जीवाणूंपर्यंत पोचतो. याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. अमेरिकेत २०१४ च्या एका अभ्यासात डायलिसिसच्या रुग्णांना मक्याचा असा स्टार्च दिला, तेव्हा रक्तातलं मोकळं इंडॉक्सिल सल्फेट कमी झालं. फोडणीच्या भातात किंवा ताकात कुस्करलेल्या शिळ्या भाकरीत हे प्रमाण त्या पुडीइतकं नसणार, पण दिशा तीच. शिळं म्हणजे फ्रिजमध्ये नीट झाकून ठेवलेलं, रात्रभर ओट्यावर राहिलेलं नव्हे.

सुरुवातीचे दिवस त्रासाचे गेले. तंतू एकदम वाढवले की पोट फुगतं, गुरगुरतं, वर्गात उभं राहणं अवघड होतं. आहारतज्ज्ञ मॅडमनी म्हणूनच आधी एक भाकरी, मग दोन, असं चढवत नेलं. पहिले काही आठवडे रात्री लॅक्टुलोजचं सिरप होतं, मग इसबगोल, पाण्याबरोबर. माझ्यावर पाण्याचं बंधन नव्हतं. ज्यांना सूज असते, लघवी कमी असते त्यांचं गणित वेगळं, त्यांनी इसबगोल विचारूनच घ्यावं. हळूहळू पोट रोज साफ व्हायला लागलं. तोंडाची ती धातूची चव गेली. खाज पूर्ण गेली नाही पण रात्री उठवत नाही. भूक लागते, आणि भूक लागणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ती गेलेल्यालाच कळतं.

यात कॅप्सूलचा मोह आला नाही असं नाही. कुणीतरी प्रोबायोटिकची महागडी बाटली सुचवली, 'किडनी रिव्हर्स' होते म्हणून. मी वाचलं. ऑस्ट्रेलियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सिनर्जी नावाच्या चाचणीत ३७ रुग्णांना जीवाणू आणि त्यांचं खाद्य असं एकत्र दिलं. पी-क्रेसिल सल्फेट घटलं. इंडॉक्सिल सल्फेटमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, किडनीचं काम सुधारलं नाही. जपानमध्ये १९९१ पासून एक खास कोळशाचं औषध वापरतात, एएसटी-१२०, ते आतड्यातच इंडोल शोषून घेतं. कागदावर किती पटण्यासारखं! पण २०१५ साली दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यात डायलिसिस पुढे ढकलला गेला असं सिद्ध झालं नाही. अमेरिकेतल्या ३५ लाख माजी सैनिकांच्या नोंदींवरचा २०१७ चा अभ्यास सांगतो की ज्यांना बद्धकोष्ठता होती त्यांना किडनीचा आजार थोडा जास्त झाला. तिथेही एकामुळेच दुसरं झालं असं कुणी म्हणत नाही. तेव्हा भाकरीने किडनी बरी होते असं मी म्हणणार नाही, आणि तसं म्हणणाऱ्या व्हॉट्सॲपवरच्या वैद्यांपासून सगळ्यांनी लांब राहावं असं मला अगदी कळकळीने वाटतं. आक्रसलेली किडनी पुन्हा फुलत नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या माणसांची आकडेवारी २०१२ साली तपासली गेली, तेव्हा जास्त तंतू खाणाऱ्यांत वाढलेला सीआरपी कमी आढळला, आणि हा संबंध किडनी अधू असलेल्यांत निरोगी माणसांपेक्षा ठळक होता. किडनी अधू असून जास्त तंतू खाणाऱ्यांतला मृत्यूदरही कमी होता. ज्या गोष्टीची किडनीच्या रुग्णाला सर्वांत जास्त गरज, तीच आपण त्याच्या ताटातून पहिल्यांदा उचलतो.

माझे ताजे रिपोर्ट: क्रिएटिनिन मधे १.८ झालं होतं, आता १.७. एसीआर ३४० वरून १९०. एचएस-सीआरपी ३.४. पोटॅशियम ४.८. वजन दोन किलोने वाढलं आणि पायाला सूज नाही, म्हणजे ते पाणी नव्हे. यातलं किती भाकरीचं, किती डॅपाग्लिफ्लोझिनचं, किती पँटोप्राझोल थांबल्याचं, ते मला सांगता येणार नाही. एसीआर घटला त्याचं श्रेय बहुतेक गोळ्यांचं. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की निष्कर्ष काढू नये हे मी मुलांना प्रॅक्टिकलला शिकवते. इंडॉक्सिल सल्फेट मोजून घ्यायची मला फार इच्छा होती, पण आपल्याकडच्या नेहमीच्या लॅबमध्ये ते मोजत नाहीत. पोटाचं मात्र मला वाटतं, सुरुवातीला सिरप आणि इसबगोलचा हात होता तरी ते मुख्यतः भाकरीने सुटलं. भाकरी बंद झाल्यावर अडलं होतं.

पोटॅशियम ४.६ चं ४.८ झालंय, त्यावर मॅडमचं लक्ष आहे. पुढच्या महिन्यात श्रावण लागतो आणि सोमवार धरायची माझी लग्नाआधीपासूनची रीत. साबुदाणा नको यावर आमचं एकमत झालं. वरीचा भात आणि काकडीची कोशिंबीर चालेल, दाण्याची आमटी नको. राजगिऱ्याच्या लाह्या किती घ्यायच्या ते पोटॅशियमचा नवा रिपोर्ट बघून ग्रॅममध्ये सांगते, म्हणाल्या. रक्त द्यायला सोमवारी जाणार आहे.